फोनवरच्या मेलसाठी वेगळं पोर्ट: आकडा निवडण्यापासून जुनं पोर्ट बंद करेपर्यंत

पोर्ट म्हणजे सर्व्हरवरच्या एकेका सेवेच्या दाराचा आकडा. मेल आणणाऱ्या आयमॅप पद्धतीला ९९३, पॉपला ९९५, मेल पाठवायला ४६५ किंवा ५८७, एक्स्चेंज खात्यांच्या अॅक्टिव्हसिंकला ४४३. फोनमध्ये खातं जोडताना हे आकडे आपोआप भरले जातात, त्यामुळे बहुतेकांच्या ते नजरेलाही पडत नाहीत. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या लहान कचेरीवर मात्र ते बदलायची वेळ येते. तेव्हा हमखास होणारी चूक म्हणजे आकडा आधी ठरतो आणि तो कशासाठी बदलतोय याचा विचार मागाहून होतो.

पुढचं सगळं डोव्हकॉट (फोनला मेल देणारा प्रोग्राम) आणि पोस्टफिक्स (मेल पाठवणारा प्रोग्राम) यांवर चालणारा सर्व्हर आणि दहा-वीस अँड्रॉइड व आयफोन असं चित्र धरून लिहिलं आहे. अॅक्टिव्हसिंकचा भाग वेगळा दिला आहे.

आधी कारण

पोर्ट बदलण्याची खरी कारणं तीन.

पहिलं, जागेची अडचण. पब्लिक आयपी एकच आहे आणि त्यावरचं ९९३ आधीच दुसऱ्या सर्व्हरकडे वळवलेलं आहे, किंवा इंटरनेट देणारी कंपनी ठरावीक पोर्टं आत येऊ देत नाही. इथे मोकळं असलेलं कुठलंही पोर्ट चालेल.

दुसरं, फोन ज्या नेटवर्कवर असतो ती अडचण. हॉटेल, वसतिगृह, रुग्णालय, कारखाना अशा ठिकाणच्या वायफायवर बाहेर जाण्यासाठी अनेकदा फक्त ८० आणि ४४३ उघडी असतात. तिथे १०९९३सारखं पोर्ट निवडलंत तर ९९३पेक्षाही वाईट अवस्था होईल. इथे ४४३ हाच एक उपाय आहे.

तिसरं, लॉगमधला, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतला कचरा. ९९३ आणि ५८७वर पासवर्ड चाचपणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) दिवसरात्र येतात. वरच्या आकड्यावर गेलं की हा गोंगाट बराच कमी होतो. पण याला सुरक्षा समजू नका. सगळी ६५,५३५ पोर्टं तपासणारी साधनं कुणालाही फुकट मिळतात, त्यामुळे चांगले पासवर्ड आणि टीएलएस (जोडणी कुलूपबंद करणारी पद्धत) यांची गरज तसूभरही कमी होत नाही.

दुसरं आणि तिसरं कारण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात, हे लक्षात ठेवा. दोन्ही साधायची असतील तर पोर्टंही दोन लागतील.

एक पोर्ट मात्र कधीच हलवू नका: २५. बाहेरचे सर्व्हर तुम्हाला मेल द्यायला २५वरच येतात. डीएनएसमधल्या एमएक्स नोंदीत, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा हे सांगणाऱ्या नोंदीत, पोर्टचा आकडा लिहायची सोयच नाही. या लेखात बदलतो ती फक्त फोन आणि सर्व्हर यांच्यातली वाट.

आकडा कोणता घ्यावा

१०२४ ते ३२७६७ या पट्ट्यातला घ्या. १०२४च्या खालची पोर्टं प्रस्थापित सेवांसाठी आहेत. वरची मर्यादा मात्र फारशी कुणी पाळत नाही आणि तिथेच फसगत होते. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी ३२७६८ ते ६०९९९ मधली पोर्टं मनाला येईल तशी वापरतं. तुम्ही मेलसाठी ५०९९३ घेतलंत आणि रीस्टार्टच्या क्षणी नेमकं तेच पोर्ट दुसऱ्या कुठल्या जोडणीने धरलेलं असेल, तर डोव्हकॉट 'अॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून थांबेल. हे सहा महिन्यांत एकदा होतं, म्हणून कारण सापडायला फार वेळ लागतो.

८०८० टाळा, काही नेटवर्क त्यावरची रहदारी प्रॉक्सीकडे वळवतात. ५०६० टाळा, कारण इंटरनेट फोनसाठी राउटरमध्ये असलेली एएलजी नावाची सोय त्या पोर्टवरच्या रहदारीत ढवळाढवळ करते. २५२५ हे मेल पाठवण्यासाठी रूढ झालेलं पर्यायी पोर्ट आहे, अधिकृत नाही. चालतं, पण बॉटनाही ते पाठ आहे.

आपण आयमॅपसाठी १०९९३ आणि पाठवण्यासाठी १०४६५ घेऊ. मूळ आकड्यापुढे दहा लावले की फोनवरून कुणाला सांगायलाही सोपं जातं.

टीएलएस पहिल्या बाइटपासून

नव्या पोर्टवर स्टार्टटीएलएस ठेवायचं नाही. त्या पद्धतीत जोडणी आधी उघडी सुरू होते आणि मग कुलूपबंद व्हायची विनंती करते. मधलं एखादं उपकरण ती विनंती खोडू शकतं, आणि फोन तर रोज नवनव्या नेटवर्कमधून फिरत असतो. २०१८च्या जानेवारीत आलेल्या आरएफसी ८३१४ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मेल अॅपसाठी पहिल्या बाइटपासूनच टीएलएस असलेली पोर्टं सुचवली. ४६५ची गंमत अशी की १९९०च्या दशकात ते दिलं गेलं, मग काढून घेतलं गेलं, तरी लोक वापरतच राहिले, आणि या आरएफसीने त्याला पुन्हा रीतसर जागा दिली.

सर्व्हरवरची कामं

१. डोव्हकॉट. आयमॅप-लॉगिन सेवेच्या विभागात आयमॅप्स नावाचा इनेट-लिसनर (पोर्टवर ऐकणारा भाग) असतो. त्याला हात लावू नका. त्याचीच नक्कल करून खाली दुसरा लिसनर लिहा: नाव वेगळं, पोर्ट १०९९३, आणि एसएसएलसमोर (टीएलएसचं जुनं नाव) 'यस'. ही शेवटची ओळ राहिली तर पोर्ट उघडतं, पण टीएलएसशिवाय. फोन हँडशेक, म्हणजे टीएलएसची पहिली बोलणी, सुरू करतो, समोरून साधा मजकूर येतो आणि जोडणी तुटते.

२. पोस्टफिक्स. मास्टर डॉट सीएफ फाइलमध्ये ४६५साठीची ओळ असते, आवृत्तीप्रमाणे तिचं नाव सबमिशन्स किंवा एसएमटीपीएस. ती आणि तिच्याखालच्या वजा-ओ पर्यायांच्या सगळ्या ओळी कॉपी करा आणि पहिल्या शब्दाच्या जागी १०४६५ लिहा. तीन पर्याय जागेवर आहेत ना ते बघा: टीएलएस रॅपरमोड 'यस', सासल ऑथ (लॉगिनची सोय) 'यस', आणि रिले (मेल पुढे पाठवणं) फक्त लॉगिन झालेल्यांना, बाकी सगळे 'रिजेक्ट'. तिसरा निसटला तर नव्या पोर्टवर कोण काय पाठवू शकेल हे बाकीच्या फाइलमधल्या नियमांच्या भरवशावर राहतं. पर्यायांच्या ओळींची सुरुवात मोकळ्या जागेनेच व्हायला हवी, नाहीतर पोस्टफिक्स त्यांना स्वतंत्र सेवा समजतं.

३. सर्व्हरची फायरवॉल. नवीन दोन्ही पोर्टं उघडा, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींसाठी. क्लाउडवरचा सर्व्हर असेल तर सेवा देणाऱ्याच्या पॅनेलमधला सिक्युरिटी ग्रुप वेगळा उघडावा लागतो. यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये पोर्ट उघडून समाधानाने बसलेल्यांची निम्मी तक्रार तिथेच अडकलेली असते.

४. एसईलिनक्स, म्हणजे लिनक्सवरचा जादा सुरक्षा-पहारा. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टमवर डोव्हकॉटला अनोळखी पोर्ट धरायची परवानगी नसते, 'परमिशन डिनाइड' येतं. सेमॅनेज साधनाने १०९९३ला पॉप-पोर्ट प्रकारात आणि १०४६५ला एसएमटीपी-पोर्ट प्रकारात घाला. एसईलिनक्सच बंद करून टाकणं हा उपाय नव्हे.

५. फेल२बॅन, म्हणजे वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्या आयपीला बंदी घालणारं साधन. हे जवळजवळ सगळे विसरतात. डोव्हकॉट आणि पोस्टफिक्सच्या जेलमध्ये (बंदीच्या नियमांत) पोर्टांची यादी असते आणि बंदी त्याच पोर्टांवर लागते. यादीत १०९९३ नसेल तर लॉगमध्ये 'बॅन' दिसतं आणि हल्ला करणारा नव्या पोर्टवर निवांत सुरू राहतो. दोन्ही आकडे यादीत घाला.

फेल२बॅनची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. कचेरीत एकाने पासवर्ड बदलला आणि जुना फोन घरी तसाच चालू राहिला, तर तो फोन दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड पाठवत राहतो. मोबाइल नेटवर्कवर एका आयपीमागे अनेक ग्राहक असतात, कचेरीच्या वायफायमागे सगळा स्टाफ. एका फोनपायी सगळ्यांचा मेल बंद पडतो आणि दोष नव्या पोर्टला जातो. कचेरीचा आयपी दुर्लक्षाच्या यादीत टाका आणि मोबाइलचा विचार करून बंदीची मुदत तासाभराच्या आत ठेवा.

राउटर, आणि आत-बाहेर एकच आकडा

सर्व्हर कचेरीतच असेल तर आधी राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) बाजूचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. बाहेरून आत येणारी जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग पोर्ट कुठलंही घ्या. स्थिर पब्लिक आयपी विकत घ्या, किंवा बाहेर एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन तिथून वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्याने मेल आत आणा.

पब्लिक आयपी असेल तर अनेक जण सोपा मार्ग घेतात: सर्व्हरला हातच लावायचा नाही, राउटरवर बाहेरचं १०९९३ आतल्या ९९३कडे वळवायचं. बाहेरून हे झकास चालतं. फोन कचेरीच्या वायफायवर आला की मेल थांबतो. त्याचं असं होतं: फोन सर्व्हरचा पब्लिक आयपी मागतो, पण तो आता त्याच राउटरच्या आत आहे. आतून निघून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर वळसा घेणं सगळ्या राउटरना जमत नाही. मग कुणीतरी आतल्या डीएनएसमध्ये सर्व्हरच्या नावाला १९२.१६८चा पत्ता देतं. आता फोन सर्व्हरपर्यंत पोचतो, पण दार ठोठावतो १०९९३चं, आणि आत ऐकणारं आहे फक्त ९९३. फोनला 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. फोनच्या सेटिंगमध्ये घरचं एक पोर्ट आणि बाहेरचं दुसरं असं लिहिता येत नाही.

म्हणून वर डोव्हकॉटलाच १०९९३वर ऐकायला लावलं. राउटरवर बाहेरचं १०९९३ आतल्या १०९९३कडेच पाठवा, १०४६५चंही तसंच. मग आतल्या डीएनएसचा उपाय बिनबोभाट चालतो.

आयपीव्ही६चं एक वेगळं दुखणं. पोर्ट वळवणं ही आयपीव्ही४ची गोष्ट. डीएनएसमध्ये सर्व्हरची चार-ए नोंद (आयपीव्ही६ पत्ता सांगणारी) असेल आणि राउटरने आयपीव्ही६ची आत येणारी रहदारी अडवलेली असेल, तर मोबाइल डेटावर, जिथे भारतात आयपीव्ही६ भरपूर वापरात आहे, काही अॅप आधी त्या वाटेने जाऊन बराच वेळ ताटकळतात. एक तर आयपीव्ही६वरही पोर्ट उघडा, नाहीतर चार-ए नोंद काढून टाका.

४४३वर मेल आणि वेबसाइट एकत्र

दुसऱ्या कारणासाठी ४४३ हवं असेल आणि आयपीही एकच असेल, तर समोर वाटणी करणारा लागतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या स्ट्रीम विभागात एसएसएल-प्रीरीड चालू केलं की तो टीएलएसच्या पहिल्या निरोपातलं सर्व्हरचं नाव वाचतो आणि कुलूप न उघडताच पुढे पाठवतो: मेलचं नाव असेल तर डोव्हकॉटकडे, नाहीतर ८४४३वर हलवलेल्या वेबसाइटकडे. पाठवण्यासाठी तिसरं नाव घ्या आणि ते पोस्टफिक्सकडे न्या. एसएसएलएच हे छोटं साधनही हेच काम करतं.

इथे स्टार्टटीएलएस चालूच शकत नाही. त्यात आधी सर्व्हर बोलतो, आणि फोन काही बोलेपर्यंत एनजिनएक्सला नाव कळत नाही. दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात.

या मांडणीत डोव्हकॉटला प्रत्येक जोडणी १२७.०.०.१वरून आल्यासारखी दिसते. फेल२बॅन मग तुमच्याच सर्व्हरला बंदी घालतो किंवा कुणालाच घालत नाही. एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी प्रोटोकॉल (मूळ आयपी पुढे कळवणारी प्रस्तावना) चालू करा, डोव्हकॉटच्या त्या लिसनरमध्ये एचएप्रॉक्सी 'यस' करा, विश्वासातल्या नेटवर्कमध्ये एनजिनएक्सचा पत्ता लिहा, आणि पोस्टफिक्समध्ये अपस्ट्रीम प्रॉक्सी प्रोटोकॉलला एचएप्रॉक्सी ही किंमत द्या. यासाठी लिसनर वेगळाच ठेवा. थेट येणारा फोन प्रॉक्सीची प्रस्तावना पाठवत नाही, तो अशा लिसनरवर अडकतो.

सर्टिफिकेट

सर्टिफिकेटमध्ये नाव असतं, पोर्ट नसतं, त्यामुळे जुनंच १०९९३वर चालतं. अडचण नूतनीकरणात येते. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी तपासणी ८०वरच होते, टीएलएस-एएलपीएन तपासणी ४४३वरच. ही दोन्ही बंद असतील तर डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद घालून होणारी तपासणी लावा. आणि नवीन सर्टिफिकेट आल्यावर डोव्हकॉट-पोस्टफिक्स आपोआप रीलोड होतील असा हुक जोडा. डिस्कवर नवं आणि मेमरीत जुनं सर्टिफिकेट राहिलं की एका सकाळी सगळे फोन एकदम कुरकुरायला लागतात.

फोनमध्ये

जीमेल अॅप: सेटिंग्जमध्ये खातं उघडा, इनकमिंग सेटिंग्जमध्ये जा. आधी सुरक्षेचा प्रकार एसएसएल/टीएलएस निवडा, मग पोर्ट १०९९३ लिहा. क्रम उलटा केला तर प्रकार निवडताच अॅप पोर्टची चौकट पुन्हा ठरलेल्या आकड्याने भरतं आणि तुम्हाला वाटतं आपण बदललं होतं. 'सर्व सर्टिफिकेट स्वीकारा' असा पर्यायही तिथे दिसेल. तो निवडला की मधला कुणीही पासवर्ड वाचू शकतो. मग आउटगोइंग सेटिंग्जमध्ये १०४६५ लिहा. हा भाग राहून गेला की मेल येतो, पण पाठवलेला आउटबॉक्समध्ये पडून राहतो.

थंडरबर्ड, म्हणजे पूर्वीचं के-९ मेल: इथेही आधी प्रकार, मग पोर्ट. हे अॅप डोमेनच्या ऑटोकॉन्फिग फाइलमधून पोर्ट आपोआप उचलतं, म्हणून वीस फोनना ती फाइल ठेवणं फायद्याचं.

आयफोन: खातं जोडतानाच्या पहिल्या पडद्यावर पोर्टची चौकट नसते. फोन नेहमीच्या पोर्टवर प्रयत्न करतो, बऱ्याच वेळाने हरतो आणि एसएसएलविना जोडू का असं विचारतो. 'नाही' म्हणा. 'हो' म्हटलंत तर फोन पासवर्ड उघडाच पाठवायला तयार होतो. सोपा मार्ग म्हणजे खातं जोडेपर्यंत जुनं ९९३ चालू ठेवणं आणि नंतर आकडा बदलणं: सेटिंग्ज, अॅप्स, मेल, मेल अकाउंट्स, तुमचं खातं, अॅडव्हान्स्ड, सर्व्हर पोर्ट. जुन्या आवृत्त्यांत 'अॅप्स' ही पायरी नसते. पाठवण्याचं पोर्ट एसएमटीपीवर टिचकी मारून प्रायमरी सर्व्हरमध्ये मिळतं. पाचाहून जास्त आयफोन असतील तर अॅपल कॉन्फिग्युरेटरमध्ये एकच प्रोफाइल बनवा, दोन्ही पोर्टं त्यातच लिहा आणि पासवर्ड रिकामा सोडा. फोन तो प्रोफाइल बसवताना विचारतो.

आउटलुकचं मोबाइल अॅप आयमॅप खातं सहसा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमार्फत सिंक करतं. म्हणजे तुमच्या पोर्टवर फोन नव्हे, त्यांचे सर्व्हर येतात. फायरवॉलवर फक्त भारतातले आयपी चालतील असा नियम असेल तर आउटलुकवालेच तेवढे अडकतील.

अॅक्टिव्हसिंक असेल तर

हे सगळं एचटीटीपीएसवर चालतं. आयफोनमध्ये एक्स्चेंज खात्याच्या सर्व्हरच्या चौकटीतच नाव, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि पोर्ट असं एकत्र लिहितात. जीमेल अॅपमध्ये पोर्टची वेगळी चौकट असते. ऑटोडिस्कव्हर, म्हणजे सेटिंगचा आपोआप शोध, मात्र ४४३वरच होतो. ते बंद असेल तर सगळं हाताने भरावं लागेल.

झेड-पुशसारखी अॅक्टिव्हसिंक पुरवणारी सेवा एनजिनएक्समागे असेल तर प्रॉक्सीची वाचन-मुदत बदला. ती मुळात ६० सेकंदांची असते. फोनचा पिंग (नवं काही आलं का ही विचारणा) कित्येक मिनिटं उघडा राहतो, त्यामुळे दर मिनिटाला ५०४ (मुदत संपल्याचा दोष) येतो, फोन पुन्हा जोडतो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी संपते. ३६०० सेकंद करा. वाटेतल्या फायरवॉलची निष्क्रिय जोडणी तोडण्याची मुदतही ३० मिनिटांच्या खाली ठेवू नका.

तपासणी

लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या, कचेरीच्या वायफायवरून तपासणं निरर्थक आहे. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने सर्व्हरच्या नावाशी १०९९३वर जोडा. सर्टिफिकेटनंतर चांदणी, 'ओके' आणि क्षमतांची यादी दिसली की इथवर सगळं ठीक. न दिसल्यास काय दिसतं ते नीट वाचा, प्रत्येक दोषाची खूण वेगळी असते.

लगेच 'रिफ्यूज्ड': यंत्रापर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. एसएस साधनाने ऐकणारी पोर्टं बघा. बराच वेळ काही नाही आणि मग 'टाइम आउट': वाटेत कुठेतरी फायरवॉल पाकिटं गिळते. 'राँग व्हर्जन नंबर': तुम्ही टीएलएस बोलताय, समोर साधं किंवा स्टार्टटीएलएसचं पोर्ट आहे. फोनमध्ये स्टार्टटीएलएस निवडलंय आणि जोडणी होऊन नुसती शांतता: समोर पहिल्या बाइटपासून टीएलएस आहे, दोघेही दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघताहेत. सगळं नीट, पण लॉगिन फसतं: मग पोर्टचा संबंध संपला, डोव्हकॉटचा लॉग उघडा.

बॅटरी आणि उशिरा येणारा मेल

अँड्रॉइडची थंडरबर्डसारखी अॅप आयडल (नवा मेल आला की सर्व्हरने लगेच कळवण्याची सोय) वापरून जोडणी उघडी ठेवतात. आयफोनचं मेल अॅप साध्या आयमॅपला तसं करत नाही, ते १५ मिनिटं, अर्धा तास किंवा तासाने विचारतं, त्यामुळे तिथे उशिराचा दोष पोर्टला देऊ नका. डोव्हकॉट आयडलमधल्या फोनला दर २ मिनिटांनी 'अजून आहे' असा निरोप पाठवतो आणि रेडिओ जागा होतो. ही मुदत वाढवली की बॅटरी वाचते, पण फार वाढवली तर मोबाइल कंपनीचं नॅट ती जोडणी विसरतं आणि फोन मेलेल्या जोडणीवर वाट बघत बसतो. १० मिनिटांपासून सुरू करा. दोन दिवस मेल वेळेवर आले तर पुढे सरका, २९च्या पलीकडे जाऊ नका.

जुनं बंद करताना

दोन्ही पोर्टं किमान दोन आठवडे सोबत चालू द्या. महिनाअखेरीलाच उघडणारा एखादा फोन असतो, तो धरायचा तर पाच आठवडे. डोव्हकॉटच्या लॉगिनच्या ओळीत सर्व्हरचं पोर्ट मुळात दिसत नाही. लॉगिनच्या नोंदीच्या साच्यात स्थानिक पोर्टचा घटक जोडलात तर अजून कोण ९९३वर येतं ते नावानिशी कळतं. त्यांना फोन करून आकडा बदलून घ्या, मग राउटरवरचं ९९३ काढा. सर्व्हरवरचं राहू द्या, वेबमेल आणि आतले संगणक त्यावरच चालतात. नव्या आकड्यांची नोंद सर्व्हरबाहेर कुठेतरी लिहून ठेवा, कारण फोन हरवलेला माणूस रविवारी रात्री नवा फोन हातात घेऊन विचारतो तेव्हा कचेरीचा मेल उघडून बघायची सोय त्याच्याकडे नसते.